कितव्या कोंबडीपासून

शेवाळ सोळा दिवस गावात फिरकली नव्हती, आणि हे कवळ्याच्या लक्षात सोळाव्या दिवशी आलं. त्याआधीचे पंधरा दिवस तो रोज तिच्या जागेपर्यंत जात होता, कोंबडी ठेवत होता आणि परत येत होता. माणूस आहे की नाही हे बघायचं असतं, हे त्याला सुचलं नाही. कोंबडी ठेवायला माणूस लागत नाही.

गाव म्हणजे खरं गाव नव्हे. कवळ्याच्या आतेभावाने एका ऑनलाइन खेळात वसवलेलं ते बेट होतं. एक नदी, एक चौक, अकरा माणसं आणि अकरा प्लॉट. आपापल्या घरून, कामावरून, बसच्या रांगेतून फोनवर आत शिरायचं, घर बांधायचं, शेत पिकवायचं आणि उरलेला वेळ दुसऱ्याच्या घरात डोकावायचं. म्हणजे तसं खरं गावच. आतेभाऊ सगळी व्यवस्था बघायचा म्हणून त्याला कारभारी म्हणायचे.

कवळ्याचा धंदा कवळ्या बनवायचा. दाताच्या दवाखान्यांतून तोंडाचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून तो जबडा काढायचा, मेणावर दात एकेक करून उभे करायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी भरून ती शिजवायची. दिवसाला तीन जबडे. हे ऐकल्यावर गावात त्याला दुसरं नाव मिळणं शक्यच नव्हतं.

शेवाळ कुठल्याशा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात टाकीची पातळी बघायची. याहून जास्त कुणाला माहीत नव्हतं. ती कधी आवाजात बोलली नाही, लिहूनच बोलायची. सगळ्यांनी घरं बांधली तेव्हा तिने एक जिना बांधला. नुसता जिना. दगडी, एकशे सात पायऱ्यांचा, वर्षभर खपून. वर एक बाक.

"वर काय आहे?" कवळ्याने पहिल्यांदा विचारलं होतं.

"बाक."

"आणि?"

"बसायचं."

कवळ्याची जेवणाची सुट्टी एक ते दीड. तो फोन प्लास्टरच्या एखाद्या जबड्याला टेकवायचा आणि जेवता जेवता बाकावर जाऊन बसायचा. तिचीही सुट्टी तेव्हाच असायची. ती विचारायची, "आज कुणाचे दात?" तो सांगायचा. एकदा त्याने एका आजोबांचे पुढचे दात इतके सुंदर बसवले की घरच्यांनी आजोबांना ओळखायलाच नकार दिला आणि कवळी परत आली. तो आठवडाभर मान खाली घालून बसला होता. शेवाळने विचारलं, "जुना फोटो मागितलास का?" त्याने मागितला. फोटोत आजोबांचे दात वेडेवाकडे होते. त्याने तसेच वेडेवाकडे बसवले, आजोबा ओळखू आले. दात हा विषय कवळ्याला दुसऱ्या कुणाशी बोलता यायचा नाही. लोक ऐकता ऐकता स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवायला लागतात.

तर अशा माणसाच्या जिन्यावर त्याने एक दिवस कोंबडी ठेवली. का, ते त्याला अजून सांगता येत नाही. जवळ कोंबडी होती, समोर जिना होता.

शेवाळ खूप हसली. निदान तिने "हाहाहाहा" लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरी ठेवली. आठवड्याने भोपळ्या सामील झाला. भोपळ्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बराचसा खेळ लिफ्टच्या टपावर बसून खेळायचा. पुढे सगळं गावच येऊ लागलं. अंडी उबवायची, पिल्लं मोठी करायची आणि शेवाळकडे नेऊन सोडायची, हा गावाचा मुख्य उद्योग झाला. शेतीकडे दुर्लक्ष झालं.

सोळाव्या दिवशी कवळ्याला एक कोंबडी ठेवायला पायरीच सापडेना. वरपासून खालपर्यंत कोंबड्या होत्या. तो जागा शोधत बाजूच्या पाटीवर जाऊन आदळला. पाटी खेळाची होती, आपोआप लागणारी: "मालक शेवटचे दिसले: सोळा दिवसांपूर्वी. उरलेले दिवस: पाच."

पाच दिवसांनी काय होतं हे अख्ख्या गावाला पाठ होतं. एकवीस दिवस मालक आला नाही की प्लॉट आपोआप गवत होतो. अर्धवट घरं टाकून पळणाऱ्यांसाठी कारभाऱ्याने नियम केला होता. जिना, बाक, सगळं साफ. परत आणता येत नाही.

त्याने तिथल्या तिथे भोपळ्याला फोन लावला.

"शेवाळ कुठंय रे?"

"कोण शेवाळ?"

"कोंबड्यांवाली."

"हां हां. भारी बाई. तिला जाम आवडतात कोंबड्या."

"तिला आवडतात की तुला?"

"तिच्याकडे सहाशे आहेत, माझ्याकडे एक नाही. मग आवड कुणाला?"

हे कवळ्याला क्षणभर पटलं. मग पटेनासं झालं, पण नेमकं कुठे चुकतंय ते सापडेना. भोपळ्याच्या बोलण्यात ही एक खुबी होती. त्यात चूक असायची, पण ती अशा ठिकाणी असायची की तिथे हात पोचत नसे.

"ती सोळा दिवस आलेली नाही. चिडली असेल का?"

"चिडायला काय झालं? हसते ना."

हसते ना. कवळ्याला हायसं वाटलं. पुरावा आहे म्हणून तो गावातल्या जुन्या गप्पा काढून वाचत बसला. पहिल्या आठवड्यात "हाहाहाहा" होतं. दुसऱ्यात "हाहाहा, बास आता." पाचव्यात "हाहा." आठव्यात "हा." दहाव्या आठवड्यात नुसता "ह", त्याला कानासुद्धा नव्हता. त्यानंतर एक टिंब.

टिंब कशाखाली होतं तेही त्याने पाहिलं. शेवाळने जिन्याच्या तोंडाशी एक फळी लावली होती: "कोंबड्या आणू नयेत ही विनंती." त्याखाली कवळ्याने दुसरी फळी ठोकली होती: "विनंती फेटाळण्यात आली आहे. हुकमावरून, कोंबडी महामंडळ." त्या आठवड्यातला तो सर्वोत्तम विनोद आहे असं गावाचं एकमत झालं होतं. नऊ जणांनी दात काढले. आणि शेवाळने टिंब दिलं.

कवळ्या त्या टिंबाकडे बराच वेळ बघत राहिला. टिंब म्हणजे काय? हसून हसून बोटात त्राण उरलं नाही, असं असेल का? असू शकतं.

शिवाय घंटा होती.

चौकात एक मोठी घंटा टांगलेली होती. गाव वसलं तेव्हा कारभाऱ्याने दंडक घातला होता की चेष्टा कुणीही कुणाचीही करावी, पण ज्याला बास वाटलं त्याने जाऊन घंटा वाजवावी. घंटा वाजली की चेष्टा तिथेच बंद. का, कशाला, काही विचारायचं नाही. इतका साधा नियम. आणि शेवाळने चार महिन्यांत एकदाही घंटा वाजवली नव्हती. कवळ्याने हे स्वतःला तीनदा सांगितलं आणि संध्याकाळी मुदत वाढवून घ्यायला आत्याकडे गेला.

आत्याकडे शिलाई मशीनच्या खाली गावाचा कॉम्प्युटर असायचा. आत्या वर शिवायची आणि पायाखाली बेट घरघरत असायचं. कारभारी स्टुलावर बसून मोजे वाळत घालत होता.

"तिचा प्लॉट वाचव," कवळ्या म्हणाला.

"नियम आहे."

"तूच केलायस ना? मग तूच बदल."

"नियम सगळ्यांना सारखा. मी आईचा प्लॉट गवत केला."

आत्याने मशीन थांबवलं. "माझा प्लॉट होता?"

"होता. तू एकवीस दिवस आली नाहीस."

"मला कुणी सांगितलं नाही मला प्लॉट आहे म्हणून." ती पुन्हा शिवायला लागली. "चांगला होता का?"

"नदीकाठचा होता," कारभारी म्हणाला. आत्याचं तोंड जरा उतरलं.

"बरं, मग तिचा नंबर दे. मी बोलतो," कवळ्या म्हणाला. कारभाऱ्याकडे नंबर होता, कारण ती पूर्वी त्याच्या एका मित्राच्या शेजारी राहायची आणि त्या ओळखीनेच गावात आली होती.

"असा कुणाचा नंबर देत नसतात. तो छळ होईल."

"आणि सहाशे कोंबड्या?"

"ती चेष्टा आहे. छळ असता तर तिने घंटा वाजवली असती." हे म्हणताना त्याने एक मोजा झटकला. "थांब, दाखवतोच तुला." आणि मशीनच्या खाली वाकून त्याने गावाची रोजनिशीच उघडली. त्या खेळात कोण कधी आलं, कुणी काय उचललं, कुणी काय ठेवलं, सगळं ओळीने लिहून राहतं. ते कुणी वाचत नाही.

त्याने शोधात "घंटा" टाकलं.

ओळी होत्या. एकाखाली एक, चौतीस. प्रत्येक ओळीवर शेवाळ. पहिली ओळ कवळ्याने कोंबड्यांच्या नोंदींशी जुळवून पाहिली, मग पुन्हा पाहिली. शेवाळने पहिल्यांदा घंटा वाजवली होती नवव्या कोंबडीला.

"मग वाजली कशी नाही?" कवळ्या म्हणाला.

कारभारी मोज्याकडे बघत होता. "भोपळ्याने गेल्या वर्षी दीड तास वाजवली होती ना. आठवतं? चेष्टेत."

"मग?"

"मग मी बाकीच्यांसाठी आवाज बंद केला. वाजवणाऱ्याला एकट्याला येतो."

"कधी चालू केलास?"

यावर कारभाऱ्याने मोजा दोरीवर टाकला आणि त्याला चिमटा लावला. काही वेळाने त्याच मोज्याला दुसराही लावला.

"कोंबड्या पाळताय का रे तुम्ही?" आत्याने विचारलं. "वास नाही येत ते?"

घरी जाताना कवळ्याच्या डोक्यात जो गुंता झाला तो असा. नवव्या कोंबडीला शेवाळ चौकात गेली आणि घंटा वाजवून आली. ठीक. पण त्याच दिवशी, घंटा वाजवल्यानंतर बारा मिनिटांनी, तिने लिहिलं होतं "हाहाहा, बास आता." पुढे जवळजवळ दोन महिने ती एकीकडे घंटा वाजवत होती आणि दुसरीकडे हसत होती. एक माणूस दोन्ही कसं करेल? जर ती हसत होती तर घंटा कशाला? आणि घंटा वाजवत होती तर हसत कशाला होती? आणि तिने घंटा वाजवली, कुणी थांबलं नाही, तेव्हा तिला काय वाटलं असेल? इथपर्यंत आल्यावर त्याला पुढचा विचार नकोसा झाला. सगळं गाव ऐकतंय आणि तरीही कोंबड्या आणतंय, असंच तिला वाटलं असणार. कवळ्याही ऐकतोय असं वाटलं असणार. आणि दुपारी तोच तिच्या शेजारी बसून दातांच्या गोष्टी सांगत होता. पुढे पुढे तर उभं राहूनच, कारण बाकावर कोंबड्या होत्या, आणि शेवटी शेवटी पायऱ्याच भरल्या तेव्हा त्याचं वर जाणंही बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर त्याने ताईंना विचारलं. ताई पॉलिशच्या चाकावर बसायच्या, कवळीला शेवटची चकाकी द्यायच्या. वयाने मोठ्या, पण इथे त्याच्यानंतर आलेल्या.

"ताई, एखाद्याला एखादी गोष्ट नको असेल तर तो हसेल का?"

"कोण?"

"असंच, कुणीतरी."

ताईंनी चाक बंद केलं. "मी इथे पहिल्या दिवशी आले तेव्हा तू माझ्या डब्यात कवळी ठेवली होतीस."

कवळ्याला आठवलं आणि न राहवून हसू आलं. खालचा जबडा होता, चपखल बसला होता, डबा उघडताना वाटलं डबाच आ करतोय. "तुम्ही किती हसला होतात."

"हसले."

"मग?"

"मग आठवडाभर जिन्यात बसून जेवले."

"मला वाटलं तुम्हाला वारा आवडतो."

"त्या जिन्याला खिडकी नाही," ताई म्हणाल्या आणि चाक चालू केलं.

चाकाच्या आवाजात तो काहीतरी म्हणाला, ते त्यालाही ऐकू आलं नाही. चाक थांबल्यावर त्याने विचारलं, "मग हसलात कशाला?"

"पहिला दिवस होता. सगळे माझ्याकडे बघत होते. न हसून काय करू, रडू? आणि खरं सांगू का, थोडं हसू आलंही होतं. म्हणून तर जास्त राग आला."

"म्हणजे दोन्ही एकदम?"

"तू काय माप घेणार आहेस का त्याचं?"

कवळ्याला खरंच घ्यायचं होतं. त्याच्या धंद्यात कवळी टोचते म्हणून परत आली तर निळा कागद चावायला देतात आणि जिथे निळा डाग उमटतो तेवढंच घासतात. इथे कुठे घासायचं? पहिली कोंबडी ठीक होती, हे तो छातीठोकपणे सांगू शकत होता. आठवीसुद्धा. आठवी आणि नववीत फरक काय होता? अंड्यांच्या एकाच ढिगातल्या, एकाच रंगाच्या. त्याने रोजनिशीत पाहिलं होतं, नववी त्याने स्वतःच ठेवली होती. ठेवताना हाताला काहीच वेगळं लागलं नव्हतं.

चार दिवस उरले होते. त्याने दोन कामं काढली. एक, कोंबड्या हलवायच्या. दोन, माफी मागायची.

माफी जास्त जड गेली. त्याने कागदावर लिहून ताईंना दाखवली. पहिल्या मसुद्याच्या शेवटी "आपला नम्र, कोंबडी महामंडळ (बरखास्त)" असं होतं. ताईंनी पेनाने त्याच्यावर रेघ मारली. दुसऱ्यात "आम्हाला वाटलं तुला आवडतंय" होतं. त्यावरही रेघ.

"हे खरं आहे ताई."

"खरं असेल. पण ते तुझं काम झालं, तिचं नाही."

"तुमच्या वेळी कुणी माफी मागितली?"

"मी अजून वाट बघतेय," ताई म्हणाल्या. कवळ्या हसला. मग त्याला शंका आली आणि तो हसायचा थांबला. मग म्हणाला, "ताई, डब्याचं चुकलं माझं."

"बरं," ताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून त्याला काहीही कळलं नाही.

शेवटी उरलं ते एवढंच: "घंटेचा आवाज बंद होता. तू वाजवलीस हे काल कळलं. पहिली कोंबडी माझी, नववी माझी, खालची फळीही माझी. चुकलं. कोंबड्या काढतोय. रविवारी सव्वा वाजता जागा गवत होईल. यायचं नसेल तर येऊ नकोस." कारभाऱ्याने ते तिला पाठवलं. नंबर द्यायला नकार देणारा माणूस निरोप पोचवायला तयार होता. संध्याकाळी कवळ्याने फोन केला.

"पोचलं?"

"पोचलं. वाचलं."

"मग?"

"मग काही नाही."

"टिंब?"

"टिंबही नाही."

कोंबड्यांचं असं होतं की त्या खेळात एकदा सोडलेली कोंबडी पुन्हा उचलता येत नाही. दाणे दाखवत पुढे चालायचं, ती मागे येते. एका वेळी तीनच येतात. कवळ्याने दाणे घेऊन फेऱ्या सुरू केल्या. सुट्टीत, बसच्या रांगेत, संध्याकाळी जेवायच्या आधी. तीन कोंबड्या जिन्यावरून उतरवायच्या, चौकातून न्यायच्या, नदीपलीकडे आपल्या शेतात सोडायच्या. कोंबडीची चाल कोंबडीचीच. शुक्रवारी रात्रीचं जेवण होईपर्यंत त्याने दीडशे नेल्या आणि मोजल्या तर जिन्यावर आकडा जवळपास तेवढाच होता.

कारण भोपळ्या मागच्या बाजूने आणून सोडत होता.

"काय भन्नाट काढलंस," भोपळ्या फोनवर म्हणाला. "तू नेतोस, मी आणतो. ती येऊन बघेल तर कोंबड्या नुसत्या गोल फिरतायत."

"ही चेष्टा नाहीये. मी खरंच काढतोय."

"हाहाहा."

"मी गंभीर आहे."

"तू आणि गंभीर." भोपळ्या इतका हसला की मागे लिफ्टचा दोर घुमल्यासारखा आवाज आला. कवळ्याचा चेहरा आणि आवाज जन्मतःच सपाट होता. विनोद करतानाही तसाच, नसतानाही तसाच. आजवर त्याचा फायदाच झाला होता. आता तो आपल्या आवाजात गंभीरपणा कुठे असतो ते शोधत होता आणि सापडत नव्हता.

"तिने चौतीस वेळा घंटा वाजवली," तो शेवटी म्हणाला. "पहिल्यांदा नवव्या कोंबडीला. आवाज बंद होता. तू दीड तास वाजवलीस म्हणून कारभाऱ्याने बंद केला होता."

फोनवर लिफ्ट कुठल्यातरी मजल्यावर थांबल्याचा ठण् आवाज आला.

"खोटं बोलतोस."

"रोजनिशीत आहे."

"चौतीस?"

"चौतीस."

"मग तिने सांगायचं ना तोंडाने."

"फळी लावली होती."

"हो, पण ती फळी..." भोपळ्या थांबला. "मला वाटलं फळी पण गंमत आहे. तुझ्या फळीमुळे." मग म्हणाला, "मी वाईट माणूस आहे का रे?"

"माहीत नाही. मी आहे का?"

"माहीत नाही. आत्तापर्यंत वाटलं नव्हतं."

मग दोघं मिळून कोंबड्या नेऊ लागले. भोपळ्या चार इमारतींच्या लिफ्टच्या टपावरून, कवळ्या जबड्यांच्या आडून. कारभाऱ्याने घंटेचा आवाज चालू केला आणि तपासायला एकदाच वाजवली. त्या आवाजाने अकरापैकी आत असलेले सात जण जागच्या जागी उभे राहिले. कुणाला कळेना कुणी कुणाला थांबवलं. एकाने घाबरून शेतातलं नांगरणंही बंद केलं.

रविवारीही कवळ्यांची प्रयोगशाळा चालू होती, एका दवाखान्याची घाई होती. एक वाजता कवळ्या फोन टेकवून बसला. जिन्यावर अजून चाळीसेक कोंबड्या होत्या. पाटीवर लिहिलं होतं: "उरलेली मिनिटं: पंधरा." समोर ताई जेवत होत्या.

एक वाजून सहा मिनिटांनी पाटी कोरी झाली. मालक आले होते.

शेवाळ जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. हिरवी टोपी, हातात कुदळ, होती तशीच. कवळ्या तीन कोंबड्या मागे घेऊन पाचव्या पायरीवर होता. तो बाजूला झाला. कोंबड्याही झाल्या. ती त्याच्याजवळून वर गेली. दहाव्या पायरीवर थांबून मागे वळली आणि खालची नववी पायरी कुदळीने काढली. मग अकरावीवर चढली आणि दहावी काढली.

ती काय करतेय हे कवळ्याला कळायला चार पायऱ्या लागल्या. त्याने लिहिलं, "मदत करू?"

उत्तर आलं, "नको. हाहा."

कवळ्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. एवढ्या दिवसांत त्याने जे जे समजून घेतलं होतं ते सगळं या दोन शब्दांच्या मधल्या जागेत पडलं आणि दिसेनासं झालं. त्याने फोन ताईंसमोर धरला.

"यातलं खरं कुठलं?"

ताईंनी घास गिळला, वाचलं. "पहिलं."

"आणि दुसरं?"

"दुसरंही खरं असेल. पण तू पहिल्यावर चाल."

तो खाली उतरला. कोंबड्या घेऊन प्लॉटच्या बाहेर, कुंपणाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. भोपळ्या आला, विचारलं, "काय चाललंय?" कवळ्या म्हणाला, "उभं राहायचं." दोघं उभे राहिले. मधल्या पायऱ्यांवरच्या कोंबड्या पायरी निघाली की फडफडत खाली पडायच्या, उठायच्या आणि आपणहून दुसरीकडे चालू लागायच्या.

त्या खेळात वस्तू हवेत राहते, खालचा आधार काढला तरी पडत नाही. दीड वाजता कवळ्याला कामाला बसायचं होतं, पण तो बसला नाही. पावणेदोनला एकशे सातवी पायरी निघाली. खाली पहिल्या आठ पायऱ्या उरल्या, वर आभाळात फक्त बाक, आणि बाकावर शेवाळ. खालून तिथे जायला काही रस्ता नव्हता. जागा वाचली होती, नियमाप्रमाणे पुढचे एकवीस दिवस.

ती रोज येऊ लागली. एक वाजता बाकावर दिसायची, दीडला नाहीशी व्हायची. कवळ्या खालून जाताना वर बघायचा. लिहिलं असतं तर तिला दिसलं असतं, तेवढं अंतर होतं. "आज एका शिक्षिकेचे दात" असं त्याने दोनदा टाइप केलं आणि पुसलं. एकच वाक्य, साधं, ओळखीचं. पण ते कितवं धरायचं, पहिलं की नववं, हे त्याला ठरवता येईना, आणि विचारायला तीच हवी होती.

सहाव्या दिवशी तिने लिहिलं. कवळ्याला नव्हे, सगळ्या गावाला. "इथून सगळ्यांची शेतं दिसतात. फार वाईट अवस्था आहे."

दहा जणांनी वाचलं. कुणी काही लिहीना. मिनिटभराने भोपळ्याचा फोन आला.

"वाचलंस?"

"वाचलं."

"हसू का?"

कवळ्याने वर पाहिलं. हिरवी टोपी हलत नव्हती.

"थांब जरा," तो म्हणाला.

"किती?"

"माहीत नाही. थांब."

"बरं," भोपळ्या म्हणाला, आणि दोघं फोन कानाला लावून तसेच गप्प बसले.